ट्रॅक्टरच्या डिझेलची निगा आणि बिघडलेल्या डिझेल मीटरची तपासणी

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा, म्हणजे कोवळा अंकुर, फुटू लागला की द्राक्षबागेतील फवारण्या एकामागून एक येतात आणि त्या दिवसांत ट्रॅक्टर एक सकाळ जरी उभा राहिला तरी डाऊनी या बुरशीजन्य रोगाला वाट मोकळी होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आमचा ट्रॅक्टर फवारणीच्या ब्लोअरसह बागेच्या मध्यावर बंद पडला. मीटरचा काटा पाव टाकी दाखवत होता, त्यामुळे आधी फिल्टरवर, मग टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावर आणि शेवटी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर संशय घेण्यात बराच वेळ गेला. टाकीचे झाकण काढून आत पाहिले तेव्हा ती जवळजवळ कोरडी होती. डिझेल ओतल्यावरही इंजिन चालू झाले नाही, कारण पाइपमध्ये हवा शिरली होती आणि शेवटच्या लिटरभर डिझेलासोबत तळाचा गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसला होता. मूळ दोष एवढाच होता की मीटरसाठी डिझेलवर तरंगणाऱ्या फ्लोटचा दांडा वाकून टाकीच्या आतील आडव्या पत्र्याला अडकला होता.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की डिझेलची स्वच्छता आणि डिझेल मीटर ही दोन वेगळी कामे नाहीत. काटा चुकला की टाकी तळापर्यंत रिकामी होते. पातळी खाली गेली की उरलेले डिझेल ओळीतील खाचखळग्यांवर हिंदकळते, तळाचा थर ढवळला जातो आणि पाणी, गंज व माती एकदम पुढे ओढली जाते. उलट, टाकीत पाणी आणि चिकट गाळ साठला की फ्लोट जड होतो, त्याचा दांडा अडखळतो आणि काटा चुकतो. म्हणून या लेखात दोन्ही कामे एकत्र घेतली आहेत.

डिझेल इतके जपण्याचे कारण

साध्या, यांत्रिक इंजेक्शन पंपात प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, आणि त्याच्या नळीमधील फट साधारण २ ते ३ मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कणही तेथे ओरखडा काढू शकतो. या प्लंजरला वेगळे वंगण नसते. त्याला डिझेलच वंगण देते आणि त्यात पाणी आले की ती पातळ फिल्म तुटते. जुन्या पद्धतीचे नोझल साधारण २०० बार दाबाच्या आसपास उघडतात, तर कॉमन रेल इंजिनात (ज्यात सर्व नोझलना एकाच समाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल मिळते) दाब १६०० बारच्याही पुढे जातो. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ हे उत्सर्जन मानक लागू झाल्यावर असे पंप शेतातही आले आहेत. अशा इंजिनात रॉकेल मिसळणे म्हणजे पंपाचे वंगण काढून घेणे होय, आणि लहान ट्रॅक्टरवरही ती सवय सोडणेच योग्य.

डिझेलही पूर्वीचे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ प्रतीचे डिझेल मिळते आणि त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० भाग असते. त्याआधीच्या प्रतीत ही मर्यादा ५० होती. मानकाप्रमाणे डिझेलात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळण्यास परवानगी आहे. बायोडिझेल हवेतील ओलावा साध्या डिझेलापेक्षा अधिक धरून ठेवते. पाणी तळाशी साठले की पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत थर तयार होतो. फिल्टर उघडल्यावर डांबरासारखी घाण दिसली तर ती पेट्रोल पंपावरून आलेली भेसळच असेल असे लगेच समजू नये. बऱ्याचदा ती आपल्याच टाकीत तयार झालेली असते.

टाकीत पाणी येण्याच्या वाटा

पहिली वाट हवेची आहे. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते आणि थंड पत्र्यावर आतील हवेतील बाष्पाचे थेंब जमतात. निफाड परिसरात हिवाळ्यात पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा हा फरक फार मोठा असतो. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. सकाळी भरण्याची पद्धत सोयीची वाटली तरी रात्रभर टाकीत हवा राहते. मात्र काठोकाठ भरू नये, कारण उष्णतेने डिझेल फुगते आणि त्याला थोडी जागा लागते. छाटणीच्या दोन हंगामांच्या मधल्या काळात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा.

दुसरी वाट झाकणाची आहे. फवारणीनंतर ट्रॅक्टर प्रेशरने धुताना पाण्याचा झोत झाकणावर धरला जातो आणि जुन्या, कडक झालेल्या रबरी वायसरमधून पाणी आत जाते. झाकण हरवले की त्याच्या जागी फडके किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधली जाते. फडक्याचे धागे आत पडतात, आणि पिशवीमुळे टाकीला श्वास घेता येत नाही. झाकणातील बारीक छिद्रातून, किंवा काही टाक्यांत वेगळ्या नळीतून, बाहेरची हवा आत येते. ती वाट चोंदली तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि ट्रॅक्टर तासाभराने दम तोडतो. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन पुन्हा नीट चालू लागले, तर दोष फिल्टरचा नसून झाकणाचा आहे. ही तपासणी एका मिनिटात होते, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

तिसरी वाट साठवणुकीची आहे. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या वरच्या पत्र्यावर पावसाचे पाणी साचते. रात्री आतील हवा आकुंचन पावली की बुचाच्या आट्यांमधून ते पाणी आत ओढले जाते. बॅरल छपराखाली ठेवावे. बाहेर ठेवणे भागच असेल तर ते लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे एकाच आडव्या रेषेत, डिझेलाच्या पातळीखाली येतील असे फिरवावे. जस्ताचा मुलामा दिलेले कॅन किंवा टाकी डिझेलासाठी वापरू नये, कारण जस्ताशी डिझेलातील आम्लांची प्रक्रिया होऊन साबणासारखे पदार्थ बनतात आणि ते फिल्टर बंद करतात. नवे डिझेल आणल्यावर बॅरल किमान २४ तास न हलवता ठेवावे आणि हातपंपाची नळी तळापासून तीन-चार बोटे वर राहील अशी बांधावी. बॅरलवर भरल्याची तारीख खडूने लिहावी. सहा महिन्यांपेक्षा जुना साठा राहू देऊ नये.

कायद्याचाही विचार ठेवावा. पेट्रोलियम अधिनियम १९३४ नुसार डिझेल ब वर्गात मोडते. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणत्याही एका पात्राची क्षमता १,००० लिटरपेक्षा अधिक नसेल तर परवाना लागत नाही. बागायतदाराची गरज यापेक्षा कितीतरी कमी असते.

डिझेल तोंडाने ओढून नळी चालू करण्याची सवय मात्र पूर्णपणे बंद व्हायला हवी. थोडे डिझेल जरी फुप्फुसात गेले तरी गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. कोणी डिझेल गिळले तर त्याला उलटी करवू नये, कारण उलटी करताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. थेट रुग्णालयात न्यावे. शंभर-दोनशे रुपयांचा हातपंप हे टाळू शकतो.

पाणी काढणे, फिल्टर बदलणे आणि एअर काढणे

रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टर सकाळी चालू करण्यापूर्वी फिल्टरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर काही मिनिटांत तळाशी त्याची स्वच्छ रेघ दिसते. सगळेच डिझेल दुधाळ दिसले तर पाणी बारीक थेंबांत मिसळलेले आहे, आणि अशा वेळी केवळ वाटी रिकामी करून भागत नाही. टाकी पूर्ण उपसून धुवावी लागते. पावसाळ्यात ही तपासणी रोज, एरवी आठवड्यातून एकदा करणे मला पुरेसे वाटते.

फिल्टर बदलण्याचे तास ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि तेच पाळावेत. मात्र टाकी एकदा तळापर्यंत कोरडी झाली असेल तर तास न मोजता फिल्टर बदलावा. नवा फिल्टर बॅरलमधील डिझेलाने भरून बसवण्याची घाई करू नये. त्या डिझेलातील घाण फिल्टरच्या आतील, स्वच्छ बाजूला पडते आणि सरळ पंपात जाते. फिल्टर रिकामा बसवावा आणि हँड प्राइमरने, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाने, भरावा.

एअर, म्हणजे पाइपमध्ये शिरलेली हवा, काढताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी फिल्टरवरील हवा सोडण्याचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत प्राइमर मारावा, तो स्क्रू कसावा, मग इंजेक्शन पंपावरील स्क्रू सैल करून तेच करावे. तरीही इंजिन चालू झाले नाही तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर थोडा वेळ फिरवावा आणि डिझेल उसळताच नट कसावेत. ही शेवटची पायरी फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनासाठी आहे. कॉमन रेल इंजिनावर उच्च दाबाचा नट कधीही सैल करू नये. तेथील बारीक फवारा कातडी भेदून आत जातो आणि बाहेरून लहान दिसणारी ती जखम हात गमावण्याइतकी गंभीर ठरू शकते.

डिझेल मीटर कसे चालते

टाकीच्या वरच्या बाजूला स्क्रूंनी बसवलेले टँक युनिट असते. त्याच्या दांड्याच्या टोकाला पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा फ्लोट असतो आणि दुसऱ्या टोकाला विद्युत रोध बदलणारी पट्टी असते. डिझेल वर-खाली झाले की फ्लोट हलतो, पट्टीवरील स्पर्शबिंदू सरकतो, वायरमधील प्रवाह बदलतो आणि पॅनेलवरील काटा त्याप्रमाणे फिरतो. म्हणजे संपूर्ण व्यवस्था चार भागांची आहे: बॅटरीकडून येणारा पुरवठा, मीटर, मीटर ते टाकी ही वायर, आणि टँक युनिट व त्याची अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेली जोडणी. यांपैकी नवे टँक युनिट विकत घेण्याची घाई सर्वाधिक केली जाते, पण फवारणीच्या ट्रॅक्टरवर दोष बहुतेक वेळा अर्थमध्ये सापडतो. बोर्डो मिश्रणातील मोरचूद आणि इतर ताम्रयुक्त औषधांचे तुषार जोडांवर बसतात आणि थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर, हिरवा थर चढतो. शिवाय टाकी रबराच्या गाद्यांवर बसवलेली असते, त्यामुळे तिची अर्थ एकाच बारीक वायरीवर अवलंबून असते.

तपासणीपूर्वी एक गोष्ट ठाऊक असावी. मानकाप्रमाणे डिझेलाचा ज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते) किमान ३५ अंश सेल्सियस असतो, आणि नोझलकडून परत येणारे गरम डिझेल व एप्रिलचे ऊन यांमुळे टाकी सहज त्याहून जास्त तापते. म्हणून उघड्या टाकीजवळ ठिणगी होऊ देऊ नये, इंजिन थंड असताना काम करावे आणि टँक युनिट काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर सोडवावी.

दोष शोधण्याचा क्रम

आधी पॅनेल पाहावे. तापमानाचा काटा आणि डिझेलचा काटा दोन्ही एकाच वेळी बिघडले असतील तर टाकीकडे जाण्याची गरज नाही. दोघांचा समाईक फ्यूज, पॅनेलची अर्थ किंवा जुन्या ट्रॅक्टरांतील व्होल्टेज स्थिर ठेवणारा लहान डबा तपासावा. बॅटरीवर मल्टीमीटर लावून इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. काही जुने मीटर तापणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालतात आणि चावी फिरवल्यावर त्यांचा काटा वीस-तीस सेकंद हळूहळू चढतो. हा दोष नव्हे.

त्यानंतर अर्थ तपासावी. चावी चालू ठेवून मल्टीमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल तार टँक युनिटच्या धातूच्या तबकडीवर ठेवावी. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थ कमजोर आहे. खात्रीसाठी तबकडीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक तात्पुरती वायर जोडावी. काटा लगेच सुधारला तर रोग सापडला. थिंबल पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावे, वायर हिरवी पडली असेल तर ती कापून नवे थिंबल दाबावे, आणि जोडावर ग्रीसचा पातळ थर द्यावा. वायर टाकीखालून जाताना उंदरांनी कुरतडली आहे का, हेही पाहावे. पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरवर हे वारंवार घडते.

अर्थ नीट असेल तर वायर आणि मीटर तपासण्यासाठी टँक युनिटवरील सिग्नलची (मीटरकडे जाणारी) वायर काढावी आणि चावी चालू करावी. काटा एका टोकाला जाईल. मग त्या वायरीचे टोक, टाकीच्या तोंडापासून दूर, ३३ ओहम व ५ वॅटच्या रेझिस्टरमधून (विद्युत रोध देणारा छोटा भाग) चेसिसच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्याच्या, स्वच्छ धातूला लावावे. काटा दुसऱ्या टोकाकडे सरकला तर मीटर आणि वायर दोन्ही चांगले आहेत आणि दोष टाकीत आहे. काटा हललाच नाही तर हीच चाचणी मीटरच्या मागील टोकावर करावी. तेथे हलला तर मधली वायर तुटलेली आहे, आणि पुरवठा असूनही तेथे हलला नाही तर मीटर बदलावे. अनेक मेकॅनिक वायर सरळ चेसिसला टेकवतात. क्षणभर टेकवल्यास बहुतेक वेळा काही होत नाही, पण जास्त वेळ धरल्यास तापणाऱ्या पट्टीचा मीटर जळतो, म्हणून रेझिस्टर वापरण्याचा आग्रह आहे. डिजिटल पॅनेलच्या ट्रॅक्टरवर ही चाचणी स्वतः करू नये.

काटा कोणत्या टोकाला जाईल हे युनिटच्या प्रकारावर ठरते. काही युनिटांत टाकी रिकामी असताना रोध २४० ओहम आणि भरल्यावर ३३ ओहम असतो, तर काहींत रिकामी असताना १० आणि भरल्यावर १८० ओहम असतो. पहिल्या प्रकारात वायर तुटली की काटा रिकाम्यावर पडतो. दुसऱ्या प्रकारात वायर तुटली की काटा भरलेल्यावर जातो, आणि हाच प्रकार धोक्याचा, कारण भरलेली टाकी पाहून कोणीही झाकण उघडत नाही. बाजारातून नवे युनिट आणताना आकार आणि स्क्रूंची भोके जुळली म्हणून ते योग्य ठरत नाही. मीटर एका प्रकारचा आणि युनिट दुसऱ्या प्रकारचे झाले तर काटा उलटा किंवा अर्धवट चालतो.

टँक युनिट काढल्यावर

तबकडीभोवतीची माती आधी ब्रशने व कोरड्या फडक्याने साफ करावी, कारण स्क्रू सुटताच ती आत पडते. युनिटची दिशा मार्करने खुणावून घ्यावी. बाहेर काढताना दांडा ओढू नये; तो ज्या कोनात आत गेला त्याच कोनात बाहेर येतो आणि बळजबरीने वाकला तर पुढे काटा कायमचा चुकीचा दाखवतो.

मल्टीमीटरच्या तारा युनिटचे टोक आणि तबकडी यांना लावून फ्लोट हाताने अगदी सावकाश वर-खाली करावा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच तो उडाला किंवा संपर्क तुटल्याचे दिसले तर पट्टी झिजलेली आहे; ट्रॅक्टर चालताना काटा नाचत असेल तर बहुधा हेच कारण असते. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत डिझेल खळखळले तर फ्लोटला तडा गेला आहे, तो बुडतो आणि टाकी भरलेली असूनही काटा खाली राहतो. पितळी फ्लोटला डाग देण्यापेक्षा नवा बसवणे सुरक्षित, कारण आत अडकलेले डिझेल तापवताना पेट घेऊ शकते. चिकट काळा थर असेल तर युनिट स्वच्छ डिझेलात बुडवून मऊ ब्रशने धुवावे, आणि टाकीच्या तळाशीही तोच थर असणार हे धरून टाकी त्याच दिवशी उपसावी.

बसवताना नवे पॅकिंग वापरावे. सिलिकॉनचा जाड थर लावण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. डिझेलाने तो सुटतो, त्याचे तुकडे टाकीत पडतात आणि डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसतात. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून कसावेत. युनिट बसल्यावर, झाकण लावण्यापूर्वी, दांडा कोणत्याही पत्र्याला घासत नाही ना हे टॉर्चच्या उजेडात पाहावे.

काट्याला लिटरची भाषा शिकवणे

टाकी सरळ चौकोनी नसल्यामुळे काटा अर्ध्यावर आला म्हणजे अर्धे डिझेल उरले असे होत नाही. शिवाय उतारावर उभ्या ट्रॅक्टरचा काटा वेगळेच दाखवतो. म्हणून दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, टाकी रिकामी असतानाच मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर डिझेल ओतत जावे आणि प्रत्येक वेळी काट्याची जागा लिहून घ्यावी. कॅनचे माप खरे आहे का याची शंका असेल तर पेट्रोल पंपावर पडताळणी केलेले ५ लिटरचे माप असते आणि ग्राहकाला ते मागून तपासता येते.

याच वेळी सुमारे दोन बोटे रुंद स्टीलची पट्टी टाकीत उभी सोडून प्रत्येक पाच लिटरला तिच्यावर कानशीने खूण करावी. काटा पुन्हा कधी संशयास्पद वाटला तर ही पट्टी पुसून टाकीत घालावी. झाडाची काठी वापरू नये, कारण तिची साल आणि कुसळे आतच राहतात. पट्टी स्वच्छ कापडात गुंडाळून टूल बॉक्समध्ये ठेवावी, आणि लिटरांचा तक्ता झाकणाच्या जवळ, मडगार्डच्या आतील बाजूस पक्क्या रंगाने लिहावा, म्हणजे ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येईल.